हीटर चालू आहे

दि. ९ जानेवारी, सकाळचे दहा

धाकट्यास,

आधी एवढं वाच, मग हवं तर पत्र फाड. गाडी लागावी म्हणून ईथरचा स्प्रे मारू नकोस. इंजिनाची हवा तापवणारा हीटर चालू आहे. तीन वर्षं बंद होता, आता चालू आहे. थंडीत चावी फिरवली की इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीतली कॉइल लाल होते. तिच्यावर स्प्रे गेला तर तो इंजिनात पोचायच्या आधी नळीतच पेटेल आणि गेला त्याच वाटेने तुझ्या तोंडावर परत येईल. तुझ्याजवळचे दोन्ही डबे आत्ता, हे वाक्य संपल्याबरोबर, गाडीपासून लांब नेऊन ठेव. मग पुढचं वाच.

ठेवले नसशील. मी सांगितलेलं लगेच करायचं नाही, हा तुझा लहानपणापासूनचा नेम आहे. ऊठ आणि ठेव.

आता रीतीचं. माझा आशीर्वाद घे. इकडे सगळे बरे आहेत. आपल्या वर्कशॉपमधल्या उस्तादांचा गुडघा आता हवामान खात्यापेक्षा चांगला चालतो. परवा त्यांनी गुडघा चोळत सांगितलं की घाटात बर्फ पडणार, आणि पडला. मला चष्मा लागला. गिऱ्हाइकं म्हणतात शोभतो, म्हणजे वाईट दिसत असणार. वर्कशॉपचं शटर अजून अर्ध्यावर अडकतं, आणि नवा माणूस आला की अजून मलाच विचारतो, बाई, वायरिंगवाला कुठे आहे. मी आत जाऊन बघून येते आणि सांगते, चौकशी केली, मीच निघाले.

तीन वर्षांत तुला हे पहिलं पत्र, आणि तेही दुधाच्या टँकरवरच्या सावकाशच्या हाती. त्या माणसाने टँकर कधी चाळीसच्या वर नेला नाही म्हणून सगळे त्याला सावकाश म्हणतात. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. तातडीचं पत्र आणि सावकाशच्या हाती. तुला हसू येत असेल तर हस, मला येत नाहीये. आज घाटाकडे जाणारं दुसरं कोणी नाही. माझा फोन तू उचलत नाहीस हे जुनंच, पण आज तुझ्या बायकोच्या फोनवरून तेवीस वेळा लावला. आतली बाई गोड आवाजात सांगते की ही व्यक्ती संपर्काच्या बाहेर आहे. तिला म्हटलं, बाई, ते मला तीन वर्षांपासून माहीत आहे. घाटाखालच्या चौकीचा फोन वाजतो, पण उचलायला कोणी नाही.

झालं ते असं. गेल्या महिन्यात तू तापाने पडला होतास तेव्हा तुझी बायको माझ्याकडे आली. म्हणाली, ताई, थंडीत गाडी लागत नाही म्हणून हे रोज सकाळी तो स्प्रे मारतात, नाकातोंडात जातो, दिवसभर खोकतात. गाडीचं काय ते बघा, पण त्यांना कळू देऊ नका. तुमचा हात लागला असं कळलं तर ते गाडी विकतील, नाहीतर मला माहेरी पाठवतील, आणि गाडीला गिऱ्हाईक मिळणार नाही. तिने चावी उस्तादांना दिली. उस्तादांनी गाडी आणली, हीटरची वायर तुटलेली सापडली, ती जोडली गेली, आणि तुझा ताप उतरायच्या आत गाडी आपल्या जागी उभी होती. डॅशबोर्डवरचा हीटरचा छोटा दिवा मात्र लागत नाही, त्याचा बल्ब गेलेला आहे. म्हणून तुला पत्ता लागला नाही. शिवाय डॉक्टरने पहाटे निघू नको म्हटल्यामुळे महिनाभर तू उन्हं वर आल्यावर निघत होतास. तेव्हा हीटरचीही गरज नव्हती आणि स्प्रेचीही.

तू स्प्रे अजून बाळगतोस हे मला आज सकाळी कळलं. तुझी बायको आली आणि बोलता बोलता म्हणाली, पाइपांचा माल घेऊन काल निघालेत, घाटासाठी दोन नवे डबे घेऊन गेलेत. माझ्या हातातला टेस्ट लॅम्प गिऱ्हाइकाच्या पायावर पडला.

आता तिथे गाडी लागली नाही तर काय करायचं, ते नीट वाच. आधी सेल्फ ऐक. सेल्फ जोरात फिरत असेल तर बॅटरीला शिव्या घालू नकोस, तिचा काही दोष नाही. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि तू मागे जाऊन सायलेन्सरकडे बघ. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेट घेत नाही. चावी चालू ठेवून वीस आकडे मोज, सावकाश मोज, तुझ्यासारखे नाही, आणि मग सेल्फ मार. दोन-तीनदा कर, लागेल. धूर अजिबातच नसेल तर डिझेलच पोचत नाही. टाकी तू खाली सपाटीवर भरलीस. ते डिझेल वरच्या थंडीत मेणासारखं थिजतं आणि फिल्टरमध्ये बसून राहतं. तिथे हीटर काही करू शकत नाही. गरम पाण्यात फडकी भिजवून फिल्टरला गुंडाळ, अर्धा तास, पुन्हा पुन्हा. टाकीखाली जाळ करू नकोस, सांगणारा कितीही अनुभवी असो. घाटात अनुभवी माणसं फार असतात आणि त्यातल्या निम्म्यांना भुवया नसतात.

मला भीती नेमकी याचीच आहे. डिझेल थिजलेलं असेल, सेल्फ फिरेल, गाडी लागणार नाही. तू म्हणशील थंडी आहे. शेजारच्या ड्रायव्हरला म्हणशील, तू चावी फिरव, मी स्प्रे मारतो. चावी त्याच्याकडे, डबा तुझ्याकडे आणि तोंड नळीपाशी. मला ते चित्र दिसतं आणि मग दुसरं काही दिसत नाही.

सावकाश अकराला निघतो. उद्या पहाटे सहापर्यंत पोचतो म्हणाला. तू आज रात्री वरच्या ट्रकतळावर असशील, आणि सातच्या आत तू उठत नाहीस. जन्मभर त्या आळसाला नावं ठेवली. उद्या एक दिवस त्याने माझं ऐकावं.

डबे लांब ठेव.

तुझी ताई


दि. ११ जानेवारी, दुपार

धाकट्यास,

हे कोणाच्या हाती द्यायचं ते ठरलेलं नाही. नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय.

सावकाश आज पहाटेच परत यायला हवा होता. आला नाही. आज दुपार झाली. तुझी बायको कालपासून वर्कशॉपमध्येच आहे. जुन्या टायरवर बसते, उठते, झाडलेली जागा पुन्हा झाडते. आमच्या फरशीचा मूळ रंग काय होता ते काल पहिल्यांदा कळलं. बाहेर मोठी गाडी थांबली की दोघी एकदम मान वर करतो आणि मग दोघीही दुसरंच काहीतरी बघत होतो असं दाखवतो. उस्ताद चहा करून देतात, आम्ही गार करतो, ते पुन्हा करतात. सकाळी एका गाडीचे इंडिकेटर मी असे जोडले की डावा लावला तर उजवा लागायचा. मालक म्हणाला, राहू द्या ताई, मी तसाही लावत नाही.

काल मी एक काम केलं. तुझ्या गाडीत आहे तसलीच एक जुनी कॉइल माळ्यावरून काढली, टेबलावर पकडीत धरली, बॅटरीला जोडली आणि घड्याळ समोर ठेवून बसले. नऊ सेकंदांत काळ्याची लाल झाली. थांबवलं, गार होऊ दिली, पुन्हा केलं. नऊ. पुन्हा केलं. मला वाटत होतं एकदा तरी बारा येतील, पंधरा येतील, एकदा तरी ती लाल व्हायचीच नाही. उस्ताद मागे उभे होते. म्हणाले, बाई, कॉइल चांगली आहे, किती वेळा बघाल. बावीस वर्षं या धंद्यात आहे, एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात परत आलं नाही म्हणून मिरवते, आणि काल मी मनात म्हणत होते, ते माझं काम तेवढं फसलेलं असू दे. जोड सुटलेला असू दे.

माझं काम. लिहून गेले, आता खोडत नाही.

पहिल्या पत्रात ‘जोडली गेली’ असं लिहिलंय. वायर आपोआप जोडली जात नाही. उस्तादांनी गाडी आणली आणि नेली, तेवढंच. गाडीखाली मी झोपले होते. तुझ्या गाडीला तीन वर्षांनी हात लावला आणि तो लागलेला दिसू नये म्हणून घरफोड्यालाही जमणार नाही इतक्या काळजीने लावला. सीट होती तशी मागे केली, आरसा होता तसा वाकडा ठेवला. पायपुसण्यावरचा चिखलसुद्धा झटकला नाही.

आणि हेही खोटं होतं की स्प्रेचं मला त्या सकाळी कळलं. तुझ्या बायकोने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं ते तर तू वाचलंच असशील. मी घाईत एकाच पानावर दोन साक्षी दिल्या. पण खरं त्याहून वाईट आहे. मला तो डबा सापडला होता. सीटच्या मागे, जुन्या स्वेटरात गुंडाळलेला. मी तो हातात घेतला, हलवून पाहिला, निम्मा होता. या गाडीत आता हा डबा म्हणजे काय, हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. बाहेर काढून फेकून द्यायला किती वेळ लागला असता? पण डबा गेला तर तुला कळणार की कोणीतरी आत आलं होतं. म्हणून मी तो परत स्वेटरात गुंडाळला आणि होता तिथे ठेवला. मनात म्हटलं, तुझ्या बायकोला सांगू, ती काहीतरी निमित्त काढून फेकेल. मग गिऱ्हाईक आलं. मग दुसरा दिवस उजाडला. मग तू बरा होऊन गाडी घेऊन गेलास, गाडी एका सेल्फमध्ये लागली असं ऐकलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी विसरले. ‘विसरले’ हा शब्द मी परवापासून तोंडात घोळवतेय. त्याला काही चव नाही.

इथवर लिहिलं आणि सावकाश आला.

तो आला तेव्हा तुझी बायको नळावर होती. बरं झालं. तो आत आला, टोपी काढली, आणि दोन्ही हातांनी माझं पत्र माझ्यापुढे धरलं. पाकीट बंद होतं.

“रस्ता बंद होता, ताई,” म्हणाला. “सहाला पोचत होतो. बर्फ काढेपर्यंत साडेनऊ झाले.”

मी विचारलं, मग पत्र दिलं का नाहीस.

“द्यायला माणूस नव्हता.”

मग जे सांगितलं ते त्याने तसंच, चाळीसच्या वेगाने सांगितलं, आणि मी त्याला घाई करू शकले नाही. गाडी तळावर उभी आहे. एअर फिल्टरचं झाकण उडून पलीकडच्या गाडीपाशी पडलं आहे. केबिनच्या बाजूला खिडकीपर्यंत काजळी. सात वाजता झालं म्हणाले. ज्याने चावी फिरवली तो ड्रायव्हर तिथेच दगडावर बसून होता, त्याला कोणी काही विचारलं की तो आपला उजवा हात बघायचा. तुला पलीकडच्या उताराने खाली नेलं, शुद्धीवर होतास, चालत गाडीत चढलास, पण दोघांनी धरून, कारण तुला दिसत नव्हतं.

सावकाश अजून उभा आहे. त्याला वाटतं, तो जरा पळवत गेला असता तर. मी त्याला सांगायला हवं की रस्ताच बंद असल्यावर पळवून काय होणार होतं. मला एवढं एक वाक्य बोलायचंय आणि ते तोंडातून निघत नाही, कारण ते बोलले की मग दोष द्यायला माझ्याशिवाय कोणी उरत नाही.

तुझी बायको नळ बंद करतेय. आता तिला सांगायचं.

ताई


दि. १७ जानेवारी, सकाळ

धाकट्या,

हे पत्र तुला हॉस्पिटलच्या सिस्टर वाचून दाखवतायत. तुझ्या बायकोला मुद्दामच दिलं नाही. ती भली बाई आहे, मला वाचवायला मधली वाक्यं गिळेल. सिस्टरना आपल्या घराशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे त्या सगळं वाचतील. सिस्टर, मागची दोन पत्रं सोबत आहेत, ती तुम्ही आधी वाचली असतील अशी आशा आहे. आवाज चढवू नका. शेजारच्या खाटेवरचे आजोबा झोपल्याचं सोंग करतात, पण त्यांना सगळं ऐकू येतं.

आज अकरा वाजता तुझी पट्टी काढणार आहेत. चेहऱ्याचं भरून येईल म्हणतात, भुवयाही येतील. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टर सरळ बोलतात, दिसेल म्हणतात. उजव्याबद्दल बोलताना ते टेबलावरची पेनं एका रेषेत लावायला लागतात. पट्टी निघेपर्यंत काही सांगता येत नाही म्हणतात. मला माणसांचं कळत नाही, पण यंत्राबद्दल मी गिऱ्हाइकाशी अशी बोलते तेव्हा माझ्या मनात काय असतं ते मला माहीत आहे. म्हणून मला भीती वाटतेय. नऊ तारखेपासून वाटतेय, पण आजची वेगळी आहे. तिला वेळ ठरवून दिलेली आहे.

तुझ्या बायकोने मला तू काय म्हणालास ते सांगितलं. परवा तू तिला म्हणालास, “चूक माझीच. स्प्रे जास्त झाला. ताई म्हणायची ना, दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे. बरोबर होतं तिचं.”

तिने तुला खरं सांगितलं नाही, कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागतं, आणि माझं नाव घ्यायचं तर तिनेच गाडी पाठवली हेही येतं. ती तिथे तुझ्या उशाशी बसून रोज थोडी थोडी वाळतेय. तिच्यावर रागावू नकोस. तिने तुझा खोकला थांबवायला सांगितलं. त्यापलीकडचं सगळं मी केलं.

तू ते वाक्य बोलला नसतास तर मी कदाचित मागच्या दोन पत्रांवरच भागवलं असतं. त्यात पुरेसं वाईट लिहिलंय, माणसाला वाटावं की आता हिच्याकडे लपवायला काही उरलं नसेल. सिस्टर, इथून पुढे जरा हळू वाचा.

तीन वर्षांपूर्वी तू याच दिवसांत गाडी घेऊन आलास. सेल्फ फिरतो, गाडी लागत नाही, थंडी असली की जास्तच. सगळे जमले होते. मी कान लावला, धूर पाहिला, पांढरा होता. पांढरा धूर म्हणजे थंडी, म्हणजे आधी हीटर बघायचा, हे मी तुला पहिल्या पत्रात चार ओळींत लिहून पाठवलं. त्या दिवशी मी हीटर बघितला नाही. हीटरची वायर मी त्याआधीच्या उन्हाळ्यात बॅटरी बदलताना स्वतः हलवून नव्याने जोडली होती, आणि मी हलवलेल्या वायरला काही होत नाही, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की तिकडे हातच गेला नाही. मी म्हणाले, डिझेलचा पंप गेला. तू म्हणालास, ताई, पंप ठीक वाटतो, आधी वायरिंग बघ ना. सगळ्यांसमोर म्हणालास. मी म्हणाले, तू स्टिअरिंग सांभाळ. लोक हसले.

पंप उतरवून बाहेर पाठवला, पाच आठवड्यांनी आला, तोवर तुझी बांधलेली फेरी दुसऱ्याने घेतली. पंप बसवला, आणि दुसऱ्या थंड सकाळी सेल्फ पुन्हा तसाच नुसता फिरत राहिला. तेव्हा मी ते वाक्य बोलले. दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यात आहे. तू चावी घेतलीस आणि गेलास. स्प्रेचा पहिला डबा तू त्याच दिवशी आणलास.

गेल्या महिन्यात मी बॅटरीच्या ट्रेखाली हात घातला आणि ती वायर बाहेर ओढली. जोडावर हिरवी पूड जमलेली, हात लावला तर तुटून आली. नुसता पीळ घालून टेप गुंडाळलेला जोड. कथलाचा डाग दिलेला नाही. बाबा असते तर असा जोड मारणाऱ्याला त्यांनी वर्कशॉपमधून हाकललं असतं. मी टॉर्चच्या उजेडात टेप बघितली. शेवटचं टोक दुमडून त्याला छोटीशी जीभ ठेवली होती, पुढच्या माणसाला उलगडताना नखाने खरवडावं लागू नये म्हणून. असं टोक आपल्याकडे कोणी ठेवत नाही. उस्ताद हसतात त्याला. पूर्ण बाजारात तसं टोक ठेवणारी मी एकटी आहे.

म्हणजे तुझी गाडी मीच बिघडवली, मीच चुकीचं निदान केलं, आणि मग मीच तुला चारचौघांत नालायक ठरवलं. मी गाडीखाली पालथी पडून होते आणि मला बाहेर यावंसं वाटत नव्हतं. उस्तादांनी वरून विचारलं, काय सापडलं का. मी म्हणाले, उंदराने खाल्लीये वायर. त्या बिचाऱ्या उंदराचं मी आजवर कोणाकडे नाव मागे घेतलेलं नाही.

नवा जोड मारला, डाग दिला, या वेळी असा की गाडी भंगारात जाईल पण तो सुटणार नाही. मग बल्ब. पहिल्या पत्रात मी लिहिलंय की दिव्याचा बल्ब गेलेला आहे. खरं आहे, गेलेला होता. नवा बल्ब माझ्या ड्रॉवरमध्ये होता, नखाएवढा. मी तो आणला, डॅशबोर्डपर्यंत हात नेला. आणि मला दिसलं की उद्या हा दिवा लागेल, तू विचारशील हीटर कसा चालू झाला, काय बिघडलं होतं, कुठे तुटलं होतं, आणि कोणीतरी ती जुनी वायर तुला दाखवेल. तू तो टेपचा तुकडा ओळखला असतास. लहानपणापासून तू माझ्याच हाताखाली टेप गुंडाळायला शिकलास.

मी बल्ब परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

तो दिवा लागला असता तर घाटात तू डबा बाहेरच काढला नसतास. तू बेफिकीर नाहीस, चालवण्यात कधीच नव्हतास. स्प्रे जास्त झाला नव्हता. तू जसा तीन वर्षं मारत आलास तसाच मारलास, बंद हीटरच्या गाडीत. हीटर चालू आहे हे तुला माहीत नव्हतं, आणि माहीत नसावं अशी व्यवस्था मी केली होती. दोष चालवणाऱ्यात नव्हता. तेव्हाही नव्हता, आताही नाही. हे वाक्य, सिस्टर, दोनदा वाचा. पहिल्यांदा तो दुसरीकडे तोंड फिरवेल.

हे आजच, अकराच्या आत का, ते सांगते. मी स्वतःला ओळखते. पट्टी निघाली आणि तुला दोन्ही डोळ्यांनी दिसलं, तर मी म्हणेन, झालं गेलं, कशाला आता उकरायचं, आणि चांगल्या बहिणीसारखी फळं घेऊन येईन. आणि नाही दिसलं, तर ज्याचा डोळा गेला त्याच्या तोंडावर हे बोलायचं धाडस माझ्यात येणार नाही, या जन्मी तरी नाही. दोन्हीकडून मी सुटते आणि तू त्या वाक्याखाली राहतोस. फक्त आत्ता, कोणालाच काही माहीत नाही अशी ही तासाभराची फट आहे, तेवढ्यातच मला खरं बोलता येतंय. माफ कर असं मी लिहिलेलं नाही. ते मागायचं तर डॉक्टरांनी पेनं खाली ठेवल्यावर मागेन.

तुझ्या बायकोने तुला सांगितलंय की मी वर्कशॉपमध्ये आहे. मीच तिला तसं सांगायला लावलं. मी चार दिवसांपासून इथेच आहे, तुझ्या खोलीच्या दाराबाहेर बाकावर. हे पत्रही मांडीवर ठेवून इथेच लिहिलं. काल दुपारी तू पाणी मागितलंस तेव्हा मी उठले होते, दारापर्यंत आले, आणि परत बसले.

सिस्टर, वाचून झालं की दाराच्या कडीवर हात ठेवा आणि त्याला विचारा. तो म्हणाला उघडा, तर उघडा. मी आत येईन आणि पट्टी निघताना त्याच्या उजव्या बाजूला उभी राहीन, त्याच बाजूला, दिसो न दिसो. तो म्हणाला नको, तर लावलेलंच राहू द्या, आणि त्याला सांगा की ती उठून जाणार नाही.

मी इथे आतलं सगळं ऐकतेय, आणि हे वाक्य संपलं की तुमचा आवाज थांबेल.

बाकावरून,
ताई